निळ्या डब्यातली मंडळी

गेल्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर, "उद्या पाणी सकाळी फक्त दीड तास" आणि "बी विंगच्या जिन्यात कोणाचं मांजर आहे" या दोन मेसेजच्या मधे एकाने विचारलं, कोणाकडे सायकलचा क्रँक पुलर, म्हणजे पायडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक ओढून काढायचं हत्यार, मिळेल का. रात्रीचे पावणेअकरा वाजलेले. मी गादीवरून असा ताडकन उठलो की बायकोला वाटलं गावाकडून काहीतरी वाईट बातमी आली. अहो सहा वर्षं! सहा वर्षं मी या मेसेजची वाट बघत होतो हे मलाच तेव्हा कळलं.

"माझ्याकडे आहे" असं टाइप केलं, मग खोडलं, मग "आहे. स्क्वेअर टेपर का स्प्लाइन?" असं टाकलं, कारण नुसतं आहे म्हणण्यात काय मजा. समोरून उत्तर आलं, "ते काय असतं". जीव सुखावला.

आता प्रश्न एवढाच की तो आहे कुठे.

आमच्याकडे माळ्यावर बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा आहे, तोच, ज्यात प्रत्येक घरात सुईदोरा असतो. आमच्या डब्यात सुईदोरा नाही, आमच्या डब्यात मी एकेका कामासाठी आणलेली आणि त्या कामानंतर परत हात न लागलेली हत्यारं आहेत. ही नेहमीची मंडळी नव्हेत. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू पाना, हातोडी ही सगळी किचनच्या खालच्या ड्रॉवरमधे असतात कारण ती आठवड्याला लागतात, कधी कधी तर हातोडी चहाचं आलं ठेचायलाही लागते (धुऊन). डब्यातल्यांचा थाट वेगळा. त्यांना एकच काम येतं आणि ते काम दुसऱ्या कोणाला येत नाही, असे काही लोक प्रत्येक ऑफिसमधेही असतात.

तर क्रँक पुलर. २०१९ च्या पावसाळ्यानंतर माझी हायब्रिड सायकल कटकट करायला लागली, म्हणजे अगदी शब्दशः, प्रत्येक फेरीला उजवा पाय खाली गेला की 'कट्'. सपाटीवर नाही, फक्त चढावर. पुण्यातल्या चांदणी चौकाच्या बाजूला चढायला लागलो की कट्, कट्, कट्, मागून येणारा सायकलवाला ओव्हरटेक करताना सहानुभूतीने बघून जायचा. एका दुकानात नेली तर तिथल्या पोऱ्याने क्रँक हलवून बघितला, "बीबी गेली" म्हणाला, आणि आत जाऊन हातोडी घेऊन आला.

मी म्हटलं थांब.

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन पायडलांच्या मधला, फ्रेमच्या पोटातला एक्सल आणि त्याची बेअरिंग. त्या पोऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या हातातली हातोडी ही परंपरेने आलेली होती. आपल्या त्या उंच काळ्या सायकली, ॲटलस, हीरो वगैरे, त्यात क्रँक एका तिरक्या कॉटर पिनने एक्सलला अडकवलेला असतो, नट सैल करायचा आणि पिन ठोकून बाहेर काढायची, तिथे हातोडी हेच बरोबर हत्यार. पन्नास वर्षं दुकानदारांनी तेच केलं आणि ते बरोबरच होतं. पण स्क्वेअर टेपरमधे एक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं असतं, त्यावर ॲल्युमिनियमचा क्रँक दाबून बसवलेला असतो, बोल्ट काढला तरी तो जागचा हलत नाही, आणि मागून ठोकायला गेलात तर मार जातो बेअरिंगला आणि क्रँकच्या कानफटात.

मी सायकल तशीच परत आणली आणि रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले. आणि एक गोष्ट कळली जी मला फार म्हणजे फारच आवडली. क्रँकच्या तोंडाशी, बोल्टच्या बाहेर, आतून २२ मिमीचे आटे पाडलेले असतात. सायकल चालताना त्या आट्यांना काहीही काम नसतं. ते फक्त आणि फक्त पुलरसाठी असतात. म्हणजे ज्याने क्रँक बनवला त्याने फॅक्टरीतच मान्य केलंय की बाबा रे हा कधीतरी काढावा लागेल, तेव्हा तुझ्यासाठी इथे पकडायला जागा करून ठेवलीय, फक्त पुलर तेवढा आण. इतका विचार केलेल्या माणसाला मी हातोडीने उत्तर देणं मला बरं वाटेना. साडेतीनशेचा पुलर आणि चारशेचं बीबीचं टूल मागवलं. साडेसहाशेची नवीन बीबी. हिशोब कोणी करू नका.

पुलरचं काम बघण्यासारखं असतं हो. बोल्ट काढायचा, त्याच्यामागचा वायसर असेल तर आठवणीने काढायचा (हा आत राहिला तर पुलर एक्सलऐवजी वायसरवर दाबतो, क्रँक हलत नाही, आपण जोर लावत बसतो आणि शेवटी क्रँकचे आटेच उपटून हातात येतात, मग खरंच हातोडी), पुलर पूर्ण आत बसवायचा, मग मधला दांडा पान्याने फिरवत जायचा. दांडा एक्सलला रेटतो, क्रँक हळूहळू सरकायला लागतो, आणि एका क्षणी अजिबात आवाज न करता हातात येतो, पिकलेलं फळ देठापासून सुटावं तसं. ठोकाठोकी नाही, शिव्या नाहीत. मी डावा क्रँक काढला, परत बसवला आणि परत काढला. गरज नव्हती.

शिव्या पुढे होत्या. बीबीचा उजवा कप, म्हणजे ती फ्रेममधे पेचाने धरून ठेवणारी कडी, सुटेना. टूल लावलं, पाना लावला, पान्याला पाइप लावला, त्यावर उभा राहिलो, अर्धा तास. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, काय चाललंय म्हणून. ते कंपनीत फिटर होते तीस वर्षं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अरे तू हे घट्ट करतोयस." उजव्या कपाला उलटे आटे. व्हिडिओत सांगितलं होतं, मी ते पुढे ढकलून बघितलं होतं.

उलटे का, हे काकांनी पेन्सिल घेऊन दाखवलं, तुम्हीपण करून बघा. मूठ सैल ठेवून त्यात पेन्सिल धरा आणि दुसऱ्या हाताने तिचं टोक घड्याळाच्या दिशेने गोल गोल फिरवा. मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरायला लागते. सायकलमधे पाय दाबताना भार असाच गोल फिरत राहतो आणि हजारो फेऱ्यांत तो पेच हळूहळू सैल करत जातो, म्हणून ज्या बाजूला साधे आटे सुटतील तिथे उलटे पाडतात. बीबीला उजवीकडे, पायडलला मात्र डावीकडे. या आट्यांना बीएसए आटे म्हणतात आणि ते बीएसए म्हणजे आपली लहानपणीची सायकल बीएसए एसएलआर तेच नाव, मूळचं बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका करणारी कंपनी. म्हणजे माझ्या सायकलच्या पोटातला पेच एका बंदुकीच्या कारखान्याच्या नावाने फिरतो. इटालियन सायकलींना दोन्हीकडे साधे आटे. त्यांचे सुटतात का मग, विचारू नका, मला इटालियन सायकल परवडत नाही.

तर सगळं झालं, नवीन बीबी बसली, ग्रीस बिस लावून, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो, चढ आला, आणि

कट्.

पुढे आठवडाभराने सहज उभं राहून पायडल मारताना लक्षात आलं की आवाज येत नाहीये. बसलो की येतो. उभा राहिलो की नाही. आवाज सीटच्या दांड्याचा होता. पावसाने आतलं ग्रीस धुऊन गेलेलं, दांडा फ्रेममधे कोरडा घासत होता. दांडा काढला, पुसला, बोटभर ग्रीस लावलं, बसवला. पाच मिनिटं, एक पाच नंबरची ॲलन की, जी आधीपासून घरात होती. सायकल आजपर्यंत गप्प आहे.

काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

पुलर डब्यात गेला. आणि एकदा का डबा झाला की तो भरत जातो. भाचीच्या मॅकबुकमधली धूळ काढायला पेंटालोब ड्रायव्हर आणला, पाच पाकळ्यांच्या बारीक स्क्रूचा, ॲपलने हा प्रकार २००९ मधे काढला. तो वापरताना मला क्रँक आठवत होता. दोन्हीला वेगळं हत्यार लागतं, पण क्रँकवाल्याने ते आटे उघडता यावं म्हणून दिलेत आणि या स्क्रूवाल्याने पाकळ्या उघडता येऊ नये म्हणून. डब्यात दोघं शेजारी शेजारी पडलेत बिचारे. वर मला तो स्क्रू आवडलापण नाही आणि ड्रायव्हर तर फारच छान आहे, निळ्या मुठीचा, टोकाला चुंबक, टाकवत नाही.

मग फॅनचा पुलर. हॉलमधला सीलिंग फॅन खर्र करायला लागला, तीन नंबरवर खर्र, पाचवर विमान. आमच्या कोपऱ्यावरचा वाइंडिंगवाला दोन्ही बेअरिंग बदलून तीनशे म्हणाला. मी म्हटलं बेअरिंग दीडशेची, मग दीडशे कशाचे. तो म्हणाला काढण्याचे. बस, मला तेवढं पुरे होतं.

रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी, हार्डवेअरची गल्ली, दुकानं रुंदीला एवढीशी पण आत आत जातच राहतात, आणि मालकाला डोळे मिटून कुठला खोका कुठे आहे ते माहीत असतं. मी म्हटलं फॅनचं बेअरिंग काढायला पुलर द्या. मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "दोन पायाचा का तीन?" मी म्हटलं काय फरक. "तीन पायाचा सरळ ओढतो, दोन पायाचा अडचणीत जातो." मग थांबून म्हणाले, "पण फॅनवाला शंभर-दीडशेत काढून देईल की." म्हटलं मलाच करायचंय. "रिटायर झालात का?"

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो.

तीन पायाचा घेतला, चार इंची, चारशे ऐंशी रुपये. फॅन उतरवला, वायरींचा फोटो काढून ठेवला, वरचं झाकण खोललं, आत ६२०१ आणि ६२०२ निघाली. या नंबरांचंपण काकांनीच सांगितलं आणि ऐकून मला शाळेत गणिताला हा माणूस हवा होता असं वाटलं. शेवटच्या दोन आकड्यांवरून आतलं भोक कळतं. ०१ म्हणजे १२ मिमी, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचाने गुणायचं, ६२०४ म्हणजे २०, ६२०५ म्हणजे २५. आता मला रस्त्यात कुठे बेअरिंग पडलेलं दिसलं तरी मी उचलून नंबर वाचतो, बायको चार पावलं पुढे निघून जाते.

पुलरचे तीन पाय बेअरिंगच्या मागे अडकवले, मधला पेच फिरवला, सुटलं. दुसरं पण. पाऊण तासात फॅन परत वर आणि आवाज बंद, एकदम गार शांतता. मी त्या संध्याकाळी घरी आलेल्या प्रत्येकाला फॅन ऐकवला. "काही ऐकू येतंय? नाही ना? तेच तर."

पुढच्या वर्षी आम्ही बीएलडीसी फॅन घेतले, जुने पंचाहत्तर वॉट खायचे, हे अठ्ठावीस खातात, बिलात फरक पडतो, बायकोचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. जुना फॅन भंगारात गेला, माझ्या दोन नव्याकोऱ्या बेअरिंगांसकट. भंगारवाल्याला मी सांगितलं पण, बेअरिंग नवीन आहेत हं. तो म्हणाला वजनावर घेतो साहेब.

यात गंमत अशी की लोकांना वाटतं एकाच कामाचं हत्यार घेणं हे आत्ताचं, ऑनलाइनचं फॅड आहे. अहो आमच्या आजीचा सोऱ्या काय होता? जड पितळी, चकलीची चांदणी चकती, शेवेची बारीक आणि जाड, आणि एक पट्टीची चकती जी कोणी कधी वापरताना मी बघितली नाही. वर्षातून एकदा दिवाळीला. पुरणयंत्र होळीला. पण सोऱ्या डब्यात नसायचा. उलट दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस तो घरातच नसायचा, वाड्यात फिरत असायचा, आज वरच्या काकू, उद्या समोरच्या, आणि आजीची स्वतःची चकली कायम सगळ्यात शेवटी, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, चिडचिड करत. प्रत्येक घरातून तो परत येताना आत एक-दोन चकल्या असायच्या, रिकामा परत करायची पद्धत नव्हती. एका वर्षी तो आला पण शेवेची बारीक चकती आली नाही. कोणाकडे राहिली ते आजीला माहीत होतं, पूर्ण वाड्याला माहीत होतं, आणि आजी जाईपर्यंत त्यावर एक शब्द कोणी बोललं नाही. आम्ही जाड शेव खाल्ली वर्षानुवर्षं.

त्या सोऱ्यावर आजोबांचं नाव आहे, टिंब टिंब करून कोरलेलं, खाली गाव आणि साल. लहानपणी मला वाटायचं भांड्यावर नाव म्हणजे कौतुक. आता कळतं, ते भांडं बाहेर जाणार हे घेतानाच माहीत होतं, म्हणून दुकानातच नाव घालून घ्यायचे.

याच्या उलट बाबांच्या चेतकचा प्लगचा पाना. नळीसारखा, भोकात आडवा दांडा घालून फिरवायचा, स्कूटरबरोबर आलेला. त्याचंही काम एकच, पण तो दर आठवड्याला लागायचा. टू स्ट्रोक गाडी, पेट्रोलमधे ऑइल, प्लगवर काजळी, ऑफिसला निघताना बाबा किका मारून मारून घामाघूम, मग पाना, प्लग बाहेर, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर, परत आत, गाडी डावीकडे आडवी करायची (हे का करायचे ते मला आजही माहीत नाही, पण चालू व्हायची), किक. त्यामुळे माझं तर मत असं झालंय की एकाच कामाचं हत्यार जर रोज लागत असेल तर हत्यार चांगलं आहे असं नाही, गाडीत खोट आहे. डब्यातले माझे पुलर धूळ खात पडलेत यात खरं तर आनंदच मानायला हवा. हे मी बायकोलापण सांगून बघितलं.

असो. तर क्रँक पुलर सापडला, डब्यात नाही, ख्रिसमसच्या लाइटच्या पिशवीत, कसा गेला देव जाणे. सी विंगमधला मुलगा न्यायला आला, पंचवीस-सव्वीसचा, हातात काळं ग्रीस, म्हणजे आधी काहीतरी करून बसलेला होता. मी त्याला वायसरचं सांगितलं, उलट्या आट्यांचं सांगितलं, पेन्सिल शोधून आणून मुठीत फिरवून दाखवलं. तो सारखा दाराकडे बघत होता. जाता जाता सहज विचारलं, आवाज कधी येतो, बसल्यावर का उभं राहिल्यावर?

"चढावर येतो काका."

बसून का उभं राहून, मी परत विचारलं. तो म्हणाला बघितलं नाही, पण दुकानात बीबी गेली म्हणालेत.

आता यावर एक तर मी त्याला तिथेच खाली बसवून सीटच्या दांड्याचं सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलंसुद्धा, पण खरं सांगतो, पुलर त्याच्या हातात ठेवून झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो पुलर न घेताच गेला असता ना. सहा वर्षांनी.

त्याला जाऊन आता तीन आठवडे झाले. मधे खालच्या काकांनी मोटरचं बेअरिंग काढायला तीन पायाचा पुलर नेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुसून, तेलाचा हात फिरवून आणून दिला, तीस वर्षांची सवय. त्यावरून डोक्यात आलं की आपलीपण हत्यारं आता बाहेर जायला लागलीत तर नाव हवं. टपारियाच्या पान्यावर निदान कंपनीचं नाव तरी असतं, नाशिकची, सातपूरची, ओळखू येते. माझ्या पुलरांवर ना नाव ना गाव. मंडईजवळ भांड्यांवर नाव घालणारा एकजण आहे त्याच्याकडे फॅनचा पुलर घेऊन गेलो. त्याने हातात घेऊन वजन केलं, मशीनची सुई टेकवली, एक टिंब काढायचा प्रयत्न केला आणि परत दिला. "हे टणक आहे साहेब, पातेलं आणा."

शेवटी बायकोने नेलपेंट दिलं, लाल, वाळत आलेलं. पुलरच्या प्रत्येक पायावर एक टिंब, पेंटालोबच्या मुठीवर एक, बीबीच्या टूलवर दोन कारण पहिलं ओघळलं. क्रँक पुलर परत आला की त्यालाही लावायचंय. नेलपेंट ऑइलने किती दिवस टिकेल शंकाच आहे. तसा लोखंडावर कोरायचा पेनसारखा एन्ग्रेव्हर मिळतो, टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचा, बघून ठेवलाय, कार्टमधे आहे, तीनशे नव्व्याण्णव.